हळदीआधीची चौथी आवृत्ती

(नेरूळमधलं करावे गाव. उन्नतीच्या घराची गच्ची, टळटळीत दुपार उलटून गेलेली. खाली गल्लीत मांडव बांधणं चालू आहे.)

संघमित्रा : नाही.

उन्नती : अगं, पूर्ण ऐकून तरी घे.

संघमित्रा : ऐकलं. हवं तर आणखी एकदा ऐकेन. पण आज दिवे लागले की चौथ्या आवृत्तीला कुलूप. त्यानंतर एक अक्षर आत येणार नाही. आणि त्याआधी जे येईल ते दुसऱ्या माणसाने तपासलेलं असेल. हा नियम कोणी लिहिला?

उन्नती : मी. पण तेव्हा माझं लग्न ठरलं नव्हतं.

संघमित्रा : लग्न तुझं आहे, पण दिवे-माइक चालवणारं आपलं सॉफ्टवेअर, दिवटी, सगळ्यांची आहे. कोणीही फुकट घ्या, कोणीही उघडून बदला, असं आपणच सांगितलंय. उद्या संध्याकाळी लिस्बनची ती बाहुल्यांची मंडळी नवी आवृत्ती उतरवून घेणार. साताऱ्याची शाळा घेणार. त्यांचा तुझ्या हळदीशी काय संबंध?

उन्नती : थांबण्याशी आहे ना! 'थांब' हा हुकूम त्यांनाही लागणारच. नाटकात कोणी थांबत नाही काय? नटाला शिंक आली, बाहुलीचा दोरा अडकला, तरी आपली स्क्रिप्ट घड्याळ बघत निघाली पुढे. माइक चालू, दिवे पिवळे, चार मिनिटं, माइक बंद, गाणं चालू. दिवे आणि स्पीकर सगळे त्या डब्याला जोडलेले, आणि डब्याला फक्त घड्याळ कळतं. माणूस कुठे आहे यात?

संघमित्रा : माणूस लॅपटॉपसमोर बसलेला असतो. तो स्क्रिप्ट थांबवू शकतो.

उन्नती : कोण, भैरू? रूपेशदादाच्या हळदीला डीजे भैरूचा होता. भैरूने स्क्रिप्ट सुरू केली आणि स्वतः जाऊन नाचायला लागला.

संघमित्रा : तेच म्हणतेय. चूक डीजेवाल्याची.

उन्नती : डीजेवाला नाचणारच! आगरी हळद आहे ती, ऑफिसची मीटिंग नाही. डीजेवाला नाचणार, हे धरूनच टूल बनवलं पाहिजे.

संघमित्रा : हे वाक्य चांगलं आहे.

उन्नती : लिहून घे मग. मी कशी लिहू? हात बघ माझे.

संघमित्रा : बघतेय. कोपरापर्यंत मेहंदी, तीही नेमकी आज. दुसरा दिवस मिळाला नाही?

उन्नती : मुहूर्त भटजीने काढला, रिलीजची तारीख तू काढलीस. दोघांपैकी एकानेही मला विचारलं नाही.

संघमित्रा : बरं, आधी जे झालंय ते बघून घे. रंगीत तालीम चालली.

उन्नती : चालली? आणि आत्ता सांगतेस? दाखव, दाखव!

संघमित्रा : मेहंदी लॅपटॉपला लावू नकोस. लांबून बघ. तीच स्क्रिप्ट, पण सुरुवातीला 'रंगीत तालीम' लिहिलं की खरा दिवा एकही लागत नाही, स्पीकर वाजत नाही. नुसत्या ओळी सरकतात. इथे दिवे पिवळे झाले असते. इथे गाणं लागलं असतं.

उन्नती : आईशप्पथ! म्हणजे मांडवात लोकांच्या डोळ्यांत लाइट मारत बसायला नको. घरी चहा पीत तपासायचं!

संघमित्रा : आणि चुकलं की काय चुकलं ते सांगतो. आधी काय यायचं? 'चूक, ओळ एकेचाळीस.' बस्स. आता मुद्दाम चुकवते, वाच.

उन्नती : 'तुम्ही दुसरा माइक चालू करायला सांगताय. या डब्याला एकच माइक जोडला आहे.' अगं, हा तर घरातल्यासारखा बोलतोय! कोणी लिहिलं हे?

संघमित्रा : साताऱ्याच्या सई मॅडमनी. शाळेत नाटक शिकवतात. 'तुमचे निरोप माझ्या मुलांना समजत नाहीत, समजतील असे लिहा, नाहीतर मीच लिहून पाठवते' म्हणाल्या. आणि खरंच पाठवले.

उन्नती : कसलं भारी आहे, यार. अशी आवृत्ती आपण आधी कधी काढलीच नव्हती. आणि एवढ्या सगळ्यात एक 'थांब' बसत नाही तुझ्या?

संघमित्रा : खरं सांग. ही घाई चांगुणाबाईंसाठी आहे ना?

उन्नती : मग कोणासाठी? अगं, माझ्या आईची हळद तिने गायली, आत्यांची तिने गायली. अख्ख्या करावेत धवलारीण म्हणजे ती एकटी. जुन्या काळी आमच्यात भटजी नसायचा, धवलारीण धवला, म्हणजे विधींची गाणी, गाईल तसं लग्न पुढे सरकायचं. आणि दादाच्या हळदीला आपल्या डब्याने तिचा माइक मध्येच बंद केला, तिच्या तोंडावर डीजे लावला. तेव्हापासून ज्या मांडवात दिवटी आहे तिथे ती गात नाही. आणि आता तर गावातल्या प्रत्येक मांडवात दिवटीच आहे.

संघमित्रा : फुकट आहे म्हणून.

उन्नती : हो ना! आपणच वाटली ना फुकट. उद्या ती आली नाही तर माझी हळद मोबाइलमधल्या रेकॉर्डवर लागणार. सगळे बोलतील चालतंय, सगळीकडे तेच करतात. मला नाही चालत.

संघमित्रा : मग उद्या डबा लावूच नकोस. प्रश्न मिटला.

उन्नती : माझ्यापुरता मिटला. परवा शेजारच्या पुतळाबाईच्या पोरीची हळद आहे. तिकडे? मला चांगुणाआजीला फक्त माझ्या मांडवात नाही उभी करायची, मित्रा. तिचे मांडव तिला परत द्यायचेत.

संघमित्रा : सांग.

उन्नती : काय सांगू?

संघमित्रा : काय टाइप करायचं ते. पण दोन अटी. एक, कुठलंही 'थांब' कायमचं नसेल. त्याला वेळेची मर्यादा असेल. समज, लिस्बनला 'चल' सांगणाऱ्याच्या फोनची बॅटरी गेली. डबा रंगमंचावर काळोख करून जन्मभर वाट बघत बसेल.

उन्नती : मर्यादा ठेवली म्हणजे शेवटी डबाच ठरवणार ना, पुढे कधी जायचं?

संघमित्रा : मर्यादा ठेवायची. दुसरी अट. तू सांगणार, मी टाइप करणार, म्हणजे लिहिणाऱ्या दोघी. तपासायला तिसरं माणूस हवं. ज्याच्यासाठी बदल आहे तेच हवं.

उन्नती : ती नाही येणार. आई सकाळी तिच्या दारात जाऊन बसली होती. शेवटी आजी म्हणाली, मेंदी बगाला येन. तेवढंच. ते पण नक्की नाही.

संघमित्रा : मग ती आली तर तपासू. नाही आली तर 'थांब' पाचव्या आवृत्तीत. कबूल?

उन्नती : तू ना, तुझ्या त्या कंपनीत नोकरी करून फुकट जातेस. कोर्टात बसायला हवी होतीस. कबूल. लिही. 'थांब', आणि पुढे नाव. थांब धवलारीण. म्हणजे त्या नावाचा क्लायंट 'चल' म्हणेपर्यंत डबा हलणार नाही.

संघमित्रा : आज डब्याला हुकूम देणारा क्लायंट एकच आहे. भैरूचा लॅपटॉप.

उन्नती : तेच तर बदलायचंय! हुकूम द्यायला लॅपटॉपच कशाला पाहिजे? फोन चालेल. बटण चालेल. तुला बेलचं बटण आणायला सांगितलं होतं, आणलंस?

संघमित्रा : आणलंय. बिनवायरचं. सोसायटीखालच्या दुकानातून घेतलं. आई म्हणाली, लग्नाला दाराची बेल कोण भेट देतं?

उन्नती : सांग तिला, नवरीने मागून घेतली. हां, आता तिसऱ्या ओळीखाली. नाही, त्याच्या वर. वर गं! थांब, मी दाबते.

संघमित्रा : हात! हात मागे. तू तोंडाने सांग, तेवढं पुरे.

उन्नती : तोंडाने कोड लिहायचा म्हणजे दुसऱ्याच्या हाताने भाकरी थापायची. त्या कंसात क्लायंटचं नाव टाक. बघ, चार ओळींचं काम आहे. एवढ्याशासाठी आपण वर्षभर भांडलो?

संघमित्रा : मर्यादेची पाचवी ओळ. टाकली.

चांगुणाबाई : कुठं हाय गो नवरी? तुजी आय बोलते, गच्चीवर. लगीन तुजं, न जिना चढवून मारताव मना!

उन्नती : आजी! आलीस? मित्रा, खुर्ची. खुर्ची दे ना!

चांगुणाबाई : मेंदी बगाला आयलू. गानी म्हनाला नाय. आदीच सांगून ठेवतंय. दाव हात. आगो, कोपरापरीन काढलीस? मोर बरा निगलाय. मान वाकडी हाय, पन मोर हाय. ही कोन?

संघमित्रा : मी संघमित्रा, आजी. कोपरखैरण्याची. उन्नतीबरोबर काम करते.

चांगुणाबाई : कसला काम? त्या डब्याचा?

संघमित्रा : हो. त्याच डब्याचं.

चांगुणाबाई : मंग तुज्याशी मी बोलत नाय.

उन्नती : आजी, अशी काय करतेस? पाहुणी आहे ती.

चांगुणाबाई : पावनीला चा दे. बोलाचा कनाला? तुना ठावं हाय ना काय झायला ता? रूपेशचे हलदीला मी मांडवात उभी. सगली जमली, न मामाचा ताट नाय. हिरामन वाशीचे मारकेटात अडाकलेला, टेम्पोचे फुडं टेम्पो. मामा नाय त हलद कशी लागंल? मी धवला लांबवला. ह्याचा नाव घेतला, त्याचा नाव घेतला. जरा दम घेवाला थांबली, त डब्यानं माजा आवाज गिलला. न लावला काय? धडाम धडाम! पोरां उटली नाचाला. मामा ताट घेवन आयला ता नाचातच घुसला. ताट डोकीवर, मामा मदी गरगर फिरतंय!

उन्नती : मित्रा, हसू नकोस.

संघमित्रा : मी हसत नाहीये.

चांगुणाबाई : हसतं त हाय. हस. सगला गाव हसला. माज्या तोंडातला शबूद तोंडातच ऱ्हायला, त्याचा कुनाला काय?

संघमित्रा : आजी, एक विचारते. बोलायचं नसेल तर नुसती मान हलवा. तो डबा आम्ही आत्ता बदललाय. तुम्ही थांबलात की त्याने थांबायचं, असं त्याला सांगितलंय. तो ऐकतो की नाही, ते मला माहीत नाही.

चांगुणाबाई : तूच केलास, न तुलाच माहीत नाय?

संघमित्रा : आपण केलेल्या कालवणातलं मीठ आपल्याला कुठे कळतं? मला तो मोडायला माणूस हवंय. तुम्ही गा, मध्येच थांबा, चिडा, पाठ फिरवा, वाटेल ते करा. तो चुकला तर हा बदल मी फेकून देईन. उन्नती रडली तरी.

उन्नती : फेकेल हं ती. खरंच फेकेल.

चांगुणाबाई : आनी मोडला त भरून मांगशील.

संघमित्रा : आज मोडलात तर पाया पडेन. उद्या मोडला तर पंचाईत.

चांगुणाबाई : ही पोर जरा बरी दिसतंय. आन तो डबा हिकडं. काय कराचा?

उन्नती : हे बटण घे. तुझं झालं, मामा आला, हळद लावायची, की दाबायचं. तेव्हाच गाणं लागणार. तोपर्यंत माइक तुझा.

चांगुणाबाई : दोनी हातांत ताट असतंय माजे. बटन काय तोंडात धरू?

उन्नती : अगं हो. ताटाचं लक्षातच नाही आलं.

चांगुणाबाई : दे. कमरंला खवसतंय. तंबाकूचे पिशवीजवल. हां. कोपरानं दाबीन.

उन्नती : मित्रा, सुरू कर. सुरू!

चांगुणाबाई : आंगनी मांडव, मांडवी कलस... आयली गो हलद, बोलवा मामास...

उन्नती : दिवा पिवळा झाला! माइक आला!

संघमित्रा : हळू बोल.

चांगुणाबाई : बोलवा गो बोलवा, हिरामन मामाला... पाटावं बसवा, भागीरथी मामीला... झाला. आता मी थांबली.

उन्नती : डबा पण थांबलाय! आजी, बघ ना, थांबलाय तो! तुझा माइक अजून चालू आहे, गाणं लागलं नाही!

चांगुणाबाई : थांबू दे. मी बसतंय. पानी दे गो.

संघमित्रा : घ्या.

चांगुणाबाई : पानी ग्वाड हाय. मामा वाशीलाच हाय अजून. कांदं उतरवतंय.

उन्नती : अजून थांबलाय. मित्रा, मला रडायला येतंय. अजून थांबलाय! एक मिनिट. मर्यादा किती ठेवलीस तू?

संघमित्रा : आता संपेलच.

उन्नती : संपेल म्हणजे? नको, बंद कर! आत्ता बंद कर!

संघमित्रा : चाचणी मध्येच बंद करायची नाही. होऊ दे.

उन्नती : गाणं लागलं! माइक गेला तिचा! मित्रा, काय केलंस हे?

चांगुणाबाई : बगलास? परत गिलला. घे तुजा बटन. मेंदी बगून झायली, जातंय मी.

उन्नती : आजी, बस ना. प्लीज. एकदाच.

चांगुणाबाई : दोनदा तोंड पोलून घेवाला मी काय येडी?

संघमित्रा : आजी, मर्यादा माझी होती. उन्नती नको म्हणत होती, मी घातली. चूक माझी झाली, तिच्यावर चिडू नका.

चांगुणाबाई : मंग आता पाया पड. मोडला ना मी?

संघमित्रा : पडते. हे बघा, पडले.

चांगुणाबाई : आगो! खरंच पडली ही. ऊट, ऊट.

उन्नती : काढ ती मर्यादा. काढ, मित्रा.

संघमित्रा : काढली तर लिस्बनला काळोख. ठेवली तर इथे डीजे. काढायची नाही आणि ठेवायची पण नाही. जरा गप्प बस, विचार करू दे.

उन्नती : गप्प बसायला वेळ कुठे आहे? ऊन बघ कुठे गेलं.

संघमित्रा : आमच्याकडे लग्नात बौद्धाचार्य विधी सुरू करायच्या आधी विचारतात, दोन्हीकडची मंडळी आली का? आमच्या काकाच्या लग्नात मुलीचे वडील आले नव्हते, महाडची गाडी घाटात बंद पडलेली. बौद्धाचार्यांनी विचारलं, आम्ही नाही म्हटलं. ते बसून राहिले. थोड्या वेळाने परत विचारलं. परत नाही. त्यांनाही पुढच्या लग्नाला जायचं होतं. तरी उत्तर आल्याशिवाय सुरू केलं नाही.

उन्नती : विचारायचं! मित्रा, विचारायचं! मर्यादा संपली की पुढे नाही जायचं, विचारायचं!

संघमित्रा : उत्तर नाही आलं तर जसं आहे तसं राहायचं. दिवे चालू, माइक चालू. थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं. आणि भैरूच्या फोनलाही कळवायचं, म्हणजे एखाद्याची बॅटरी गेली तर माणूस धावत येईल. काळोख कुठेच नाही.

उन्नती : विचारणार कसं पण? आजी गाताना फोन बघणार का?

संघमित्रा : त्यांच्या पायाजवळ छोटा दिवा ठेवू. तो एकदा मंद होऊन परत नीट होईल. तेवढंच.

उन्नती : तू लिही. मी चूक काढते. आजी, थांबतेस ना?

चांगुणाबाई : चा आनाला सांग. चा पिवस्तवर बसतंय. त्यात काय कराचा ता करा.

उन्नती : आई! आजीला चहा! भरून दे! गरम दे!

संघमित्रा : गरम कशाला?

उन्नती : प्यायला वेळ लागेल ना! लिही तू. नाही, तिथे नाही, मर्यादेची ओळ पुसू नकोस, तिचा शेवट बदल. 'पुढे जा'च्या जागी 'विचार'.

संघमित्रा : झालं. पुन्हा विचारायला परत वर न्यावं लागेल.

उन्नती : ने वर. हां. पण बटण आलं तर त्या फेऱ्यातून बाहेर पडायला हवं, नाहीतर मामा आला तरी विचारतच बसेल.

संघमित्रा : बरोबर. हे सुटलं असतं माझ्याकडून.

चांगुणाबाई : चा लई गरम हाय. बशीत वतून पितंय. घाई करू नका.

उन्नती : ऐकलंस? घाई करू नका म्हणतेय!

संघमित्रा : ऐकलं. पण तू टाचा आपटू नकोस, टेबल हलतंय. आधी रंगीत तालीम घेते. थांबला. विचारलं. थांबला. विचारलं. बटण... पुढे गेला.

उन्नती : गेला! तालमीत गेला! आजी, चहा ठेव खाली!

चांगुणाबाई : अरदी बशी हाय अजून.

संघमित्रा : पिऊ द्या त्यांना.

चांगुणाबाई : पिली. आन बटन. ह्या खेपेला गिलला त मी डबा खारीचे पान्यात टाकीन, सांगून ठेवतंय.

संघमित्रा : टाका. मीच उचलून देईन. सुरू करतेय.

चांगुणाबाई : आंगनी मांडव, मांडवी कलस... आयली गो हलद, बोलवा मामास... बोलवा गो बोलवा, हिरामन मामाला... झाला. थांबली.

उन्नती : थांबला.

चांगुणाबाई : तू बोलू नको. मना बगू दे. काय गो, कोपरखैरन्याला तुमचे घरी कोन कोन हाय?

संघमित्रा : आई, बाबा, धाकटा भाऊ.

चांगुणाबाई : बाप काय करतंय?

संघमित्रा : रिटायर झाले. तुर्भ्याला कारखान्यात होते.

चांगुणाबाई : आगो, ह्यो मना डोला मारतंय! दिवा! बगलास, डोला मारला!

उन्नती : विचारतोय तुला, आजी. अजून थांबू का, असं विचारतोय.

चांगुणाबाई : मना इचारतंय?

उन्नती : तुलाच.

चांगुणाबाई : न मी नाय बोलली त?

संघमित्रा : काहीच बोलू नका. बटण दाबेपर्यंत तो हलणार नाही.

चांगुणाबाई : बगू. मामा अजून वाशीलाच हाय. आता निगला. आता पामबीचवर सिग्नलला हुबा ऱ्हायलाय. परत डोला मारला! इचार बाबा, इचार. मामा येतंय. आयला... आयला गो आयला, हिरामन मामा... ताटामदी हलद, डोईवं ऊन... शिवेवं आयला, दारात आयला... वाट द्या गो वाट द्या, मामाला कोन...

उन्नती : मित्रा, खाली ऐक.

संघमित्रा : काय? काहीच ऐकू येत नाही.

उन्नती : तेच. मांडववाल्यांचे हातोडे थांबले.

चांगुणाबाई : ...लावा गो लावा, नवरीला हलद. झाला. आता दाबतंय.

उन्नती : लागलं! गाणं लागलं! बरोब्बर लागलं! आजी! मित्रा! आई गं, मी उडी मारतेय!

संघमित्रा : उडी मार, पण मेहंदी माझ्या कुर्त्याला लागली.

उन्नती : लागू दे! धुवायला मी देईन! घे ना आत आता. घे!

संघमित्रा : शेवटचा भाग मी लिहिलाय, तपासला आजींनी. मला मंजूर करता येत नाही. तू वाच आणि तू दाब.

उन्नती : वाचला. ओळ न् ओळ वाचली. कोपराने दाबू?

संघमित्रा : नियमात हाताचा उल्लेख नाही.

उन्नती : दाबलं! गेलं आत! 'थांब' चौथ्या आवृत्तीत!

संघमित्रा : आणि खाली मांडवातले दिवे लागले. मी कुलूप लावतेय.

उन्नती : आजी, उद्या येशील ना गं?

चांगुणाबाई : उद्याचा उद्या. आज माजं गुडघं दुकतान. ही काय लिवतंय अजून? झायला बोलली ना?

संघमित्रा : नव्या आवृत्तीत काय काय बदललं, ते लिहितेय. शेवटी ज्यांनी काम केलं त्यांची नावं घालायची आमच्यात पद्धत आहे. सई मॅडम, उन्नती, लिस्बनचे दोघे. तुमचं पूर्ण नाव सांगा.

चांगुणाबाई : माजं? मी काय केला?

संघमित्रा : मोडून दाखवलात. ते सगळ्यात अवघड असतं.

चांगुणाबाई : चांगुना पदाजी तांडेल. कोन वाचतंय ता?

उन्नती : दर्यापलीकडची माणसं वाचतील, आजी. बाहुल्या नाचवणारी.

चांगुणाबाई : वाचू दे. न तुजं नाव गो, पोरी?

संघमित्रा : माझं आहे त्यात. सगळ्यात वर.

चांगुणाबाई : त्यात नाय. बापाचे नावासकट सांग नीट. उद्याचे गान्यात घालाचा हाय.